पांझरेच्या वाळूतला बोटभर मासा: मुरी म्हणजे नक्की कोणती?

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या खालच्या अंगाला पांझरा नदीवर फडाचे, म्हणजे गावाने मिळून पाटाने शेती भिजवायचे, जुने बंधारे आहेत. त्यातल्या एकाखाली, पाणी सांडतं तिथे पुढे वाळूचा पट्टा पडलाय. पाणी घोट्याएवढंच. तिथे हा मासा दिसला. जेमतेम करंगळीएवढा, फिकट पिवळसर अंग, बाजूला काळपट डागांची ओळ, पाठीवर बारीक शिंतोडे, तोंडाभोवती आखूड मिशा. जवळ गेलं की पळत नाही, सरळ वाळूत डोकं खुपसतो आणि दिसेनासा होतो. ओढणीत धरून प्लास्टिकच्या बरणीत घेतला, तीन फोटो काढले आणि तिथेच सोडला.

आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखायला मदत करणारं ॲप) टाकला तर आधी 'बोटिया' आलं, दुसऱ्या फोटोला 'गुंटिया'. बंधाऱ्यावरच्या पाटकरी काकांना विचारलं तर 'मुरी' म्हणाले. पण पलीकडच्या डबक्यातला, शेपटीच्या बुडाशी ठसठशीत काळा टिळा असलेला मासा दाखवला, तर तीही मुरीच. माझ्या डोळ्यांना दोन्ही वेगळे वाटतात. कोणी नीट सांगेल का?

भरीतप्रेमी
फोटो छान. ओळख पटेपर्यंत एक प्रश्न: रस्सा होतो का?

तापीथडी
भाऊ, हाई मुरी शे. धाकलपने आम्ही धोतरघाई धरूत. बरा रस्सा व्हस, पन ढीगभर लागतीस. आते पानीच नई ऱ्हास, ते मासा कोठे ऱ्हाई.

खडकचिंगळी
पांझराकाठताई, तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. हे दोन वेगळे मासे आहेत, आणि नुसत्या जातीच वेगळ्या नाहीत, कुळंच वेगळी. मुरी हे एका माशाचं नाव नाहीच. नदीच्या तळाशी राहणाऱ्या, मिशीवाल्या, बोटभर लांबीच्या सगळ्याच लोच माशांना आपल्याकडे सरसकट तेच म्हणतात. १८३९ मध्ये कर्नल साईक्सने दख्खनच्या माशांची वर्णनं केली तेव्हा त्यातल्या एका लोचचं जातिनाम त्याने 'मूरे' असं ठेवलं. ते आजही चालू आहे, त्यावर पुढे येते.

आता ओळख. सगळे जण अंगावरचे डाग बघायला धावतात, आणि तिथेच घोटाळा होतो. लोचच्या अंगावरचे डाग वयाप्रमाणे, तळाच्या रंगाप्रमाणे, अगदी बरणीत घाबरल्यावरही फिके-गडद होतात. पांढऱ्या वाळूवरचा आणि काळ्या खडकावरचा एकाच जातीचा मासा शेजारी ठेवला तर कोणी भाऊ-भाऊ म्हणणार नाही. त्यामुळे डाग सगळ्यात शेवटी बघायचे.

पहिलं बघायचं ते डोळ्याखाली. तिथे चामडीच्या खोबणीत मिटून ठेवलेला एक दुटोकी काटा आहे का? मासा निवांत असला की तो दिसत नाही. डिवचला की उभा राहतो. काटा असेल तर तो कोबिटिडी कुळातला, म्हणजे आपल्या भागात बहुतेक वेळा लेपिडोसेफॅलिक्थिस. काटा नसेल तर निमॅकायलिडी कुळातला. हा एक प्रश्न सुटला की निम्मं काम झालं.

दुसरं, मिशा मोजा. निमॅकायलिडीत तीन जोड्या: दोन थुंकीच्या टोकाला, म्हणजे नाकाडाच्या टोकाला (हे ऑटोकरेक्ट!), आणि एक तोंडाच्या कोपऱ्यात. लेपिडोसेफॅलिक्थिसला या तीन जोड्या असतातच, शिवाय खालच्या ओठाच्या पाळ्या लांब होऊन चौथ्या जोडीसारख्या लोंबतात.

तिसरं, पाठीचा पर, म्हणजे पाठीवरचा पंख. टिळेवाल्या माशाचा पाठीचा पर लांब बुडाचा असेल, त्यात टोकाला फाटे फुटलेल्या काड्या नऊ ते बारा. वाळूत घुसणाऱ्याचा पर आखूड, काड्या सहा-सात. फोटो मोठा करून मोजता येतात, फक्त पर उघडा हवा.

तुमच्या पहिल्या फोटोत डोळ्याखाली एक तिरपी रेघ दिसतेय. ती खोबण आहे की सावली, हे सांगता येत नाही. पुढच्या वेळी डोक्याचा बाजूने जवळून फोटो मिळाला तर बघा.

पांझराकाठ
बापरे, एवढं! धन्यवाद ताई. ओढणीतून सोडवताना मासा डोक्याकडून अडकला होता, धागा ओढल्यासारखं झालं. ते काट्यामुळे असेल का? आणि वाळूत घुसणं हे ओळखीत धरायचं का?

खडकचिंगळी
कापडात अडकणं हा काट्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. बारीक जाळीतून सोडवताना कधीही ओढायचं नाही. पाण्यात जाळी सैल सोडली की तो स्वतः काटा मिटून निघतो.

वाळूत पूर्ण गडप होणं ही लेपिडोसेफॅलिक्थिसची खोड. टिळेवाला मासा सहसा गोट्यांच्या फटीत शिरतो. पण वागण्यावरून अंदाज करायचा, निकाल द्यायचा नाही.

जुनीयादी
थोडा विरोध नोंदवतो. मी धुळ्याला प्राणिशास्त्र शिकलो. आमच्या वेळच्या याद्यांत हे सगळं 'निमॅकायलस बोटिया' या एकाच नावाखाली असायचं. आयनॅचरलिस्टने बोटिया सुचवलं त्यात चूक काय? दर दहा वर्षांनी नावं बदलायची आणि जुन्या माणसांना खोटं पाडायचं, हा काय प्रकार आहे?

खडकचिंगळी
सर, खोटं कोणी पाडत नाहीये. बोटिया ही जात हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातून लिहिली. शेपटीवर टिळा असलेला लोच दिसला की त्याला बोटिया म्हणायची प्रथा मग सिंधूपासून कावेरीपर्यंत सगळीकडे पडली. २०१५ मध्ये सिंगर आणि पेज यांनी या गटाची नव्याने छाननी केली, संग्रहालयांतले नमुने शेजारी ठेवून पाच नव्या जाती वेगळ्या काढल्या आणि भारतातल्या बहुतेक माशांना पॅराकॅन्थोकोबायटिस या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) हलवलं. त्यात दख्खनच्या नद्यांमधला टिळेवाला मासा साईक्सच्या 'मूरे'कडे परत गेला. म्हणजे उलट जुनंच नाव परत आलं, तुमच्या याद्यांपेक्षाही जुनं.

पांझरेतल्या टिळेवाल्यासाठी मी नोंदीत फक्त 'पॅराकॅन्थोकोबायटिस' एवढंच लिहीन. दख्खन म्हणताना साईक्ससमोर भीमा-गोदावरीचं पाणी होतं. तापी पश्चिमेला जाते, तिचं खोरं वेगळं. खोरं बदललं की लहान माशांची जात बदलू शकते, हे या गटात वारंवार दिसलंय. प्रजातीपर्यंत बरोबर असलेली नोंद ही जातीपर्यंत चुकलेल्या नोंदीपेक्षा कधीही भारी.

बाकी ॲपचं म्हणाल तर ते चित्र जुळवतं. पोटाकडची बाजू आणि ओठ त्याला कोण दाखवतो?

जुनीयादी
ठीक. ओठांचं काय?

खडकचिंगळी
पॅराकॅन्थोकोबायटिसच्या ओठांवर दाणेदार उंचवटे असतात, खालच्या ओठाला तर दाण्यांच्या गाद्याच. मासा काचेला चिकटून बसला की खालून स्पष्ट दिसतात. आणि नराच्या डोळ्याखाली चामडीची एक लहान पाळी असते. तिला घाईत काटा समजू नका. काटा टणक आणि टोकदार, पाळी मऊ.

केळीबागवाला
जळगावहून. माझ्याकडे टाकीत लेपिडोसेफॅलिक्थिस आहेत, त्यामुळे थोडं अनुभवाचं लिहितो.

एक, यांना बारीक वाळूच हवी. दुकानातली रंगीत खडी टाकली की मिशा झिजतात, मग मासा खाणं शोधू शकत नाही. यांचं सगळं खाणं तळातल्या गाळातलं: डासासारख्या बिनचावऱ्या माशीच्या लाल अळ्या, शेवाळ, कुजकं. तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर फेकत राहतात, बघत बसावं असं असतं.

दोन, झाकण. झाकण नसेल तर पहिल्या पावसाळी रात्री मासा जमिनीवर.

तीन, आणि हे मला सगळ्यात भारी वाटतं: मधूनच एखादा तळातून सरळ वर सुसाट येतो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि परत खाली. थोड्या वेळाने मागच्या बाजूने बुडबुडा सुटतो. पहिल्यांदा वाटलं आजारी आहे की काय.

खडकचिंगळी
आजारी नाही, श्वास घेतोय. लेपिडोसेफॅलिक्थिसच्या आतड्याचा काही भाग पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. हवा गिळायची, आतड्यातून प्राणवायू शोषायचा, उरलेली मागून सोडायची. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तेव्हा कल्ल्यांवर भागतं. पाणी तापलं, साचलं, सडायला लागलं की हा दुसरा मार्ग.

आणि आपल्या नद्या बघा. पांझरा, बोरी, बुराई, खालच्या अंगाची गिरणा, फेब्रुवारी सरला की वाहणं संपतं. डोह उरतात, मग डबकी उरतात. एप्रिलच्या त्या कोमट डबक्यात कल्ल्यांवरच अवलंबून असलेला मासा किती टिकणार? ताईंना वाळूत मुरी सापडली आणि चकचकीत चंदेरी माशांपैकी फारसं काही नाही, याचं एक कारण हे असू शकतं.

तळाला का राहतात तेही यातच सांगून टाकते. लोचच्या वाताशयाचा, म्हणजे अंगातल्या हवेच्या पिशवीचा, पुढचा भाग हाडाच्या डबीत बंद असतो आणि मागचा भाग बहुधा अगदी लहान उरलेला. इतर मासे वाताशयातली हवा कमी-जास्त करून पाण्यात अधांतरी तरंगतात, याला ते नीट जमत नाही. पोहायचं थांबला की तळाला टेकतो. म्हणून पोट सपाट, तोंड खाली वळलेलं, खवले इतके बारीक आणि चामडीत रुतलेले की हाताला मासा नागडाच वाटतो.

भरीतप्रेमी
मागून बुडबुडा सोडणारा मासा. रस्सा रद्द.

वरणबट्टी
वाचतेय. एक शंका. 'थर्मालिस' नावाची जात आहे ना यांच्यात? गरम पाण्याशी काही संबंध? आमच्या चोपड्याकडे अडावदजवळ उनपदेवचा गरम झरा आहे. तिथे असतील का?

खडकचिंगळी
लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस. व्हॅलेन्सिएन्सने १८४६ मध्ये श्रीलंकेतल्या गरम झऱ्यांच्या नमुन्यांवरून वर्णन केली, म्हणून ते नाव. पण ती काही फक्त गरम पाण्यात राहणारी जात नाही. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात साध्या ओढ्यांत, भातखाचरांत, तलावांत सर्रास आहे. उनपदेवला जिथे पाणी गोमुखातून पडतं त्या कुंडात शोधण्यात अर्थ नाही, लोक तिथे साबण लावून अंघोळ करतात. ओघळ पुढे वाहून निवतो तिथली वाळू बघा.

वरणबट्टी
साबणाचं अगदी खरं. यात्रेनंतर तर बघवत नाही.

तापीथडी
गिरणाथडीला पाहुणे ऱ्हातस आमचे. तिथे रेतीच उरली नई. ट्रॅक्टर रातभर. बुडाला निस्ता मुरूम न् गोटा. तठे हाई मुरी घुसाडी कोठे?

केळीबागवाला
आबा, बरोबर बोललात. वाळू गेली की वाळूत राहणारं सगळंच जातं, मासा फक्त आपल्याला दिसला म्हणून आपण बोलतो. मी लहानपणी कानळद्याच्या बाजूला गिरणेत पाय ठेवला की पायाखालून काहीतरी सुळकन निसटायचं. आता तिथे पाय ठेवायला खड्डेच आहेत.

जुनीयादी
वाळूउपशाचा धागा वेगळा आहे, तिकडे दोनशे प्रतिसाद होऊन भांडणं झालीत. इथे माशावर राहू या.

पांझराकाठ
परत जाऊन आले! बंधाऱ्याखाली त्याच पट्ट्यात. यावेळी भाच्याला सोबत नेलं. फरसाणाची चौकोनी बरणी नेली, गोल बरणीत मासा वाकडा दिसतो हे लक्षात आलं होतं. मागे पांढरा कागद, उन्हाला पाठ करून सावलीत. चार नवे फोटो जोडलेत. दुसऱ्या फोटोत डोळ्याखाली काटा स्पष्ट उभा आहे, आणि हो, दोन टोकं आहेत. भाच्याच्या बोटाला टोचला म्हणून तो रागावलाय. पाठीच्या परात फाटे फुटलेल्या काड्या सहा की सात यावर आमचं एकमत नाही. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला याही माशाला एक बारीक काळा ठिपका आहे! त्यामुळे परत गोंधळ.

खडकचिंगळी
वा! या बरणीसाठी तुम्हाला शंभर गुण. दुटोकी काटा दिसला म्हणजे लेपिडोसेफॅलिक्थिस, यात आता शंका नाही.

आणि तो ठिपका हीच तर मेख आहे. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला ठिपका दोन्हीकडे असू शकतो. पॅराकॅन्थोकोबायटिसचा मोठा, गोल आणि भोवती फिकट कडं असलेला, लांबून डोळ्यासारखा दिसतो. तुमच्या माशाचा लहान आणि कड्याशिवाय. 'शेपटीवर ठिपका म्हणजे बोटिया' हा नियम इथेच मोडतो, आणि ॲप त्याच नियमाने फसलं.

आता गुंटिया की थर्मालिस? दोन्ही लेपिडोसेफॅलिक्थिसच. गुंटिया, हॅमिल्टन १८२२, हा जास्त मोठा होतो, बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद पट्टा धावतो आणि शेपटीच्या पराची कड गोलाकार असते. थर्मालिसमध्ये पट्टा नसून सुटे डाग ओळीने असतात, शेपटीची कड जवळजवळ सरळ कापल्यासारखी. तुमच्या तिसऱ्या फोटोत शेपूट उघडी आहे: कड सरळ, डाग सुटे. मी थर्मालिस म्हणेन. डाग शेवटी बघायचे म्हटलं होतं ते यासाठी. आधी काट्याने घर गाठा, मग घरातला माणूस डागावरून ओळखा.

जुनीयादी
चौथ्या फोटोत छातीचा पर विचित्र दिसतोय. आतल्या बाजूला जाडसर फळीसारखं काहीतरी. जखम?

खडकचिंगळी
सर, नजर तयार आहे तुमची. जखम नाही, तो नर आहे. या प्रजातीत वयात आलेल्या नराच्या छातीच्या परातल्या आतल्या दोन काड्या, सातवी आणि आठवी, जाड होऊन एकमेकींना जुळतात. मादीचा पर साधा, आणि मादी सहसा नरापेक्षा लांब आणि पोटाने भरलेली. लेपिडोसेफॅलिक्थिसच्या जाती वेगळ्या करताना तज्ज्ञ या फळीचा आकारही बघतात. म्हणून एकच मासा बघून थांबू नये, नर आणि मादी दोन्हींचे फोटो असले तर नोंद पक्की होते.

पांझराकाठ
म्हणजे भाच्याला नराने टोचलं. सांगते त्याला, जरा बरं वाटेल.

नोंद 'लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस' म्हणून बदलली, टिळेवाल्याची 'पॅराकॅन्थोकोबायटिस' एवढीच ठेवली.

सातपुडाभटक्या
उशिरा येतोय. नंदुरबारकडून. तोरणमाळच्या खालच्या एका ओढ्यात, पाणी थंड आणि खडकाळ, मला लहानसा लोच दिसला होता. वाळू नव्हतीच. डोळ्याखाली काटा नाही. पण मिशा मोजल्या तर आठ! वरच्या नियमाने हे बसत नाही.

खडकचिंगळी
बसतं! त्यातल्या दोन बहुधा मिशा नाहीत. डोळ्यांच्या पुढे, नाकपुड्यांच्या जागी असलेल्या होत्या का? इंडोरिओनेक्टेस या प्रजातीत पुढच्या नाकपुडीची नळी लांब होऊन मिशीसारखी बाहेर येते. काटा नाही, पाठीचा पर आखूड, अंगावरची बाजूची रेषा अर्ध्यात संपलेली, आणि नाकावर दोन 'मिशा', असं असेल तर इंडोरिओनेक्टेस.

फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये पुण्याच्या माशांवरून 'एवेझार्डी' ही जात लिहिली. सातपुड्यातूनही तिच्या नोंदी आहेत, आणि बस्तरच्या कुटुमसर गुहेत याच नावाने ओळखला जाणारा, डोळे लहान झालेला, रंग उडालेला मासा आहे. पण एवढ्या दूरदूरच्या ओढ्यांत एकच जात असणं अवघडच. २०२१ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या इंडोरिओनेक्टेसमधून दोन नव्या जाती वेगळ्या निघाल्या, एक गोदावरी खोऱ्यातली, एक कृष्णेच्या. तापीच्या उपनद्यांतल्या माशांकडे त्या नजरेने बघायला हवं. तुमचा फोटो आहे?

सातपुडाभटक्या
आहे, पण वरून काढलेला. नाक दिसत नाही.

खडकचिंगळी
मग परत जाल तेव्हा: चौकोनी बरणी, शेजारी पट्टी. लांबी नाकाडापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा, शेपटीचा पर सोडून. फोटो बाजूने, वरून, आणि खालून ओठांचा. डोकं जवळून, नाकपुडी आणि डोळा दोन्ही स्पष्ट. पाणी त्याच ओढ्याचं, बरणी सावलीत, हात ओले करूनच मासा धरा. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेलं असेल तर धरूच नका, या माशांची चामडी जवळजवळ उघडीच असते. आणि या ओढ्यातला त्या ओढ्यात सोडायचा नाही, दोन्ही एकसारखे दिसले तरी.

सातपुडाभटक्या
नोंदवून घेतलं. ओढ्याचं पाणी अजून जोरात आहे, दिवाळीनंतर उतरेल. तेव्हा जातो.

भरीतप्रेमी
मी येतो बरणी धरायला. डबा घरून आणेन, शाकाहारी.